डांबर सोडून मुरमावर जाणारी सायकल निवडताना

माझ्याकडची रोड सायकल चांगल्या अवस्थेत होती आणि तिच्याविषयी तक्रार करावी असे काही नव्हते. मात्र मी ज्या वाटांनी जाऊ लागले होते त्या वाटांना ती पुरेनाशी झाली होती. तिच्या रिम-ब्रेकच्या कमानीतून २८ मि.मी. रुंदीचा टायर जेमतेम फिरत असे, आणि डांबर संपून मुरूम लागला की टायरला चिकटलेले बारीक खडे त्या कमानीला घासत. त्याहून रुंद टायर बसवण्याची सोय फ्रेममध्येच नव्हती. म्हणून डांबरी रस्ता, कच्चा रस्ता आणि अधूनमधून दगडगोट्यांची पायवाट अशा तिन्हींवर चालेल अशी एकच सायकल घेण्याचे मी ठरवले. या निवडीला बराच काळ लागला, आणि त्यातला बहुतेक वेळ मोजमापे घेण्यात व भूमितीचे तक्ते (फ्रेमच्या नळ्यांच्या लांबीचे व कोनांचे आकडे) वाचण्यात गेला. माझी उंची १५८ सें.मी. आणि वजन ५६ किलो आहे हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचे निम्मे निर्णय या दोन आकड्यांमधून निघाले.

प्रथम मी नेहमीच्या वाटांची नोंद केली. कुठे डांबर आहे, कुठे दाबलेला मुरूम आहे, कुठे सुटी खडी आहे आणि कुठे सायकलवरून उतरावे लागते, हे अंतरासह लिहून काढले. अंतराने मोजले तर साधारण ६० टक्के डांबर, ३० टक्के बऱ्यापैकी घट्ट कच्चा रस्ता आणि १० टक्के सुटे दगड असा हिशेब निघाला. वेळेने मोजले तर डांबराचा वाटा निम्म्याच्याही किंचित खाली येतो, कारण कच्च्या रस्त्यावर वेग पडतो. दोन्ही हिशेब उपयोगी पडले. वेगाशी आणि गिअरच्या वरच्या टोकाशी संबंधित गोष्टी मी अंतराच्या हिशेबाने तोलल्या, तर टायर, बसण्याची ढब आणि गिअरचे खालचे टोक या गोष्टी वेळेच्या हिशेबाने. शरीराला त्रास होतो तो किलोमीटरमागे होत नाही, तासामागे होतो.

या नोंदीमुळे दोन पर्याय आपोआप गळाले. पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन सायकल त्या १० टक्क्यांत निर्विवाद उजवी ठरली असती, पण उरलेल्या वाटेवर तिचा रुंद टायर आणि सरळ हँडल मला नको होते. सरळ हँडलची हायब्रिड सायकल साधी, टिकाऊ आणि दुरुस्तीला सोपी असते, आणि ज्यांच्या फेऱ्या तासा-दीड तासाच्या असतात त्यांनी तिचा विचार अवश्य करावा. पण चार-पाच तासांच्या फेरीत हात ठेवायला एकच जागा असणे माझ्या मनगटांना मानवत नाही. वाकड्या हँडलवर ब्रेक-लिव्हरच्या मुठी, वरचा आडवा भाग आणि खालचा वळलेला भाग अशा तीन जागा मिळतात.

राहिली ग्रॅव्हल सायकल, म्हणजे खडी-मुरमासाठीची, वाकड्या हँडलची आणि रुंद टायरची सायकल. कच्च्या रस्त्यावर वाकड्या हँडलची सायकल चालवणे ही काही आजची कल्पना नाही. तूर द फ्रान्स स्पर्धा १९१० मध्ये पहिल्यांदा तूरमाले खिंडीवर चढली तेव्हा तो रस्ता कच्चाच होता, आणि ब्रिटनमध्ये डांबर सोडून पायवाटांनी सायकली नेणाऱ्यांची रफ-स्टफ फेलोशिप ही संस्था १९५५ मध्ये स्थापन झाली. आज या नावाखाली विकल्या जाणाऱ्या सायकलींमध्ये मात्र दोन वेगळी कुळे आहेत आणि ती ओळखता आली पाहिजेत. एक शर्यतीचे कुळ. अमेरिकेत कॅन्ससमधल्या एम्पोरिया येथे २००६ मध्ये सुरू झालेली २०० मैलांची शर्यत, जी आता अनबाउंड ग्रॅव्हल या नावाने होते, आणि २०२२ मध्ये इटलीत झालेली युसीआय या आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाची पहिली ग्रॅव्हल अजिंक्यपद स्पर्धा यांच्यामुळे या कुळाला जोर आला. या सायकली लांब आणि खाली वाकवणाऱ्या असतात, त्यांचे गिअर उंच असतात आणि सामान बांधण्यासाठीची भोके कमी असतात. दुसरे कुळ भटकंतीचे: हँडल उंच, टायरला जागा भरपूर, मडगार्ड-कॅरियरची सोय आणि खालचे गिअर हलके. दोन्हींची छायाचित्रे शेजारी ठेवली तर फरक दिसत नाही. भूमितीचा तक्ता शेजारी ठेवला की तो लगेच दिसतो.

येथून पुढे मी एक साधी पद्धत ठेवली. वहीच्या पानावर दोन रकाने केले. एकात, सायकल घेतल्यानंतर ज्या गोष्टी बदलता येत नाहीत किंवा बदलायला फ्रेमइतकाच खर्च येतो त्या लिहिल्या: फ्रेमची भूमिती, चिमटा (पुढचे चाक धरणारा फोर्क), टायरला मिळणारी जागा, ॲक्सलचा (चाकाच्या आसाचा) प्रकार, ब्रेक बसवण्याची पद्धत, बॉटम ब्रॅकेटचा (पायडलच्या दांड्या ज्यावर फिरतात त्या खालच्या सांध्याचा) प्रकार, बोल्टची भोके. दुसऱ्यात, पुढे कधीही बदलता येतील त्या: टायर, सीट, स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा आखूड भाग), हँडल, कॅसेट (मागच्या चाकावरची दातेरी चक्रे), हँडलवरची टेप, पायडल. विक्रेते आणि जाहिराती बहुतेक वेळा दुसऱ्या रकान्यातल्या गोष्टींवर बोलतात, कारण त्या डोळ्यांना दिसतात. मी मात्र पहिल्या रकान्यात नापास होणारी सायकल, तिच्यावर कितीही चांगले भाग लावलेले असोत, पुढे पाहायचीच नाही असे ठरवले, आणि यामुळे यादी झपाट्याने आखूड झाली.

पहिल्या रकान्यात सर्वात वर टायरची जागा होती. दाबलेल्या मुरमावर ३५ ते ४० मि.मी. रुंदी पुरते, सुट्या दगडांवर ४५ च्या पुढे गेल्यावरच जिवाला स्वस्थता येते. रुंद टायर म्हणजे संथ टायर ही समजूत मी रोड सायकलच्या दिवसांपासून बाळगून होते, आणि गुळगुळीत डांबरावर फार जास्त रुंदीला ती काही अंशी खरीही ठरते. परंतु खडबडीत पृष्ठभागावर अरुंद आणि कडक टायर प्रत्येक खड्यावर संपूर्ण सायकल व स्वार यांना वर उचलतो आणि त्या उचलण्यात ताकद वाया जाते, तर रुंद टायर कमी हवेत खडा स्वतःत सामावून घेतो. टायरचे आवरण लवचिक असेल तर डांबरावरचे नुकसानही थोडेच राहते. मात्र उत्पादकाने लिहिलेला कमाल आकडा वाचताना सावध राहावे लागते. एकच टायर अरुंद रिमवर अरुंद आणि रुंद रिमवर रुंद भरतो, आणि छापील रुंदी व प्रत्यक्ष रुंदी यांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. शिवाय चिखलात जाणारी सायकल असेल तर टायरच्या दोन्ही बाजूंना किमान पाच-सहा मिलिमीटर मोकळे हवेत. म्हणून मी कॅलिपर सोबत ठेवला आणि आकडा वाचण्याऐवजी जागा मोजली, तीही तीन ठिकाणी: चिमट्याच्या माथ्याशी, सीट-ट्यूबपाशी (सीटखालच्या नळीपाशी) आणि चेनस्टेच्या, म्हणजे बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्यांच्या, आतल्या बाजूला. बहुतेक फ्रेममध्ये कोंडी या तिसऱ्या ठिकाणी होते, कारण टायर, चेनरिंग (पुढचे दातेरी चक्र) आणि क्रँक (पायडलची दांडी) या तिघांना तिथे एकाच अरुंद पट्टीत बसायचे असते.

रुंदीच्या पाठोपाठ चाकाचा आकार आला. ७००सी रिमवर टायरची कड जिथे बसते तो व्यास ६२२ मि.मी. असतो, ६५०बी मध्ये तो ५८४ मि.मी. असतो. त्यामुळे ६५०बी रिमवर ४७ मि.मी.चा टायर चढवला की चाकाचा बाहेरचा व्यास ५८४ अधिक दोनदा ४७, म्हणजे साधारण ६७८ मि.मी. होतो, आणि ७००सी रिमवर २८ मि.मी.चा टायर असला तरी तो नेमका तितकाच येतो. उंच व्यक्तीला हा निव्वळ आवडीचा प्रश्न वाटेल. माझ्या उंचीच्या व्यक्तीला तो पायाच्या अंगठ्याशी नेऊन भिडवतो.

लहान फ्रेममध्ये बॉटम ब्रॅकेटपासून पुढच्या ॲक्सलपर्यंतचे अंतर कमी असते, चाक मात्र तेवढेच मोठे राहते. क्रँक आडवी असताना हँडल वळवले की बुटाचे टोक पुढच्या टायरला लागते. ढोबळ हिशेब असा: १७० मि.मी.ची क्रँक, पायडलच्या पुढे येणारा बूट साधारण १०५ मि.मी., आणि ७००सी वर ४० मि.मी. टायर असलेल्या चाकाची त्रिज्या ३५१ मि.मी., यांची बेरीज ६२६ होते. आणि मी पाहिलेल्या सर्वात लहान मापाच्या अनेक फ्रेममध्ये हे पुढचे अंतर ५८० ते ६०० मि.मी. होते. वेगात असताना हँडल इतके वळतच नाही, त्यामुळे डांबरी रस्त्यावर हा दोष सांभाळून घेता येतो. पण दगडांच्या चढावर, चालण्याच्या वेगाने, तोल सावरत हँडल या बाजूला त्या बाजूला करावे लागते तेव्हाच तो नेमका आडवा येतो, आणि मडगार्ड लावल्यावर आणखी वाढतो. ६५०बी चाकाने त्रिज्या १२ मि.मी.ने घटते, १६५ मि.मी.च्या क्रँकने आणखी पाच मिळतात, आणि हेड-ट्यूबचा (हँडलखालच्या पुढच्या नळीचा) कोन जास्त कललेला असेल तर चाक आणखी पुढे सरकते. हे तिन्ही उपाय एकत्र असलेली फ्रेम मी शोधू लागले.

काही उत्पादक लहान मापांना मुद्दाम ६५०बी चाके देतात, मोठ्या मापांना ७००सी. काही मात्र एकच फ्रेम दोन्ही चाकांना चालते असे सांगतात, आणि इथे बॉटम ब्रॅकेटची उंची पाहावी लागते. बीबी ड्रॉप म्हणजे ॲक्सलच्या रेषेपासून बॉटम ब्रॅकेट किती खाली आहे ते अंतर. ३५१ मि.मी. त्रिज्येच्या चाकाला ७४ मि.मी. ड्रॉप असेल तर बॉटम ब्रॅकेट जमिनीपासून २७७ मि.मी.वर येते. त्याच फ्रेममध्ये ३३९ त्रिज्येचे चाक घातले की ते २६५ वर उतरते आणि पायडल दगडाला लागण्याची शक्यता वाढते. लहान चाक धरूनच आखलेल्या फ्रेमचा ड्रॉप ६२ च्या आसपास असला की उंची पुन्हा २७७ भरते. ज्या फ्रेमच्या तक्त्यात मापागणिक बीबी ड्रॉप बदलत नव्हता आणि तरीही लहान मापाला लहान चाक दिले होते, त्या मी बाजूला ठेवल्या.

आता माप. "तुमची उंची इतकी, म्हणजे हा साइझ" असे जे सांगितले जाते त्यावर मी अवलंबून राहिले नाही, कारण एकाच नावाच्या मापात निरनिराळ्या उत्पादकांच्या फ्रेम पुष्कळ वेगळ्या असतात. वरच्या नळीची आभासी लांबी, जी तक्त्यात ठळक दिलेली असते, तीही फसवी आहे: सीट-ट्यूबचा कोन एका अंशाने सरळ झाला की माझ्या मापाच्या फ्रेममध्ये ही लांबी सुमारे १० मि.मी.ने घटलेली दिसते, पण सीट आपल्या जागी परत नेल्यावर हँडल होते तिथेच असते. तुलनेला उपयोगी पडतात ते स्टॅक आणि रीच हे दोन आकडे. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून हेड-ट्यूबच्या माथ्यापर्यंतचे उभे अंतर म्हणजे स्टॅक, आणि आडवे अंतर म्हणजे रीच. माझ्या रोड सायकलचा स्टॅक ५०५ आणि रीच ३७० होता, त्यावर ९० मि.मी.चा स्टेम. लांब फेरीनंतर मान अवघडत असे, त्यामुळे हँडल दोन-तीन सेंटिमीटर वर आणि दोन सेंटिमीटर जवळ हवे एवढे मला ठाऊक होते.

हे साधायला स्पेसर (स्टेमखाली घालायच्या कड्या) पुरतील का, हाही हिशेब केला. ७२ अंशांच्या हेड-ट्यूबवर १० मि.मी.चा स्पेसर घातला की हँडल साडेनऊ मिलिमीटर वर जाते आणि तीन मिलिमीटर मागे येते. म्हणजे कमी स्टॅकची शर्यती फ्रेम घेऊन ती स्पेसरने उंचावता येते, पण कार्बनच्या स्टिअररवर (चिमट्याच्या वर जाणाऱ्या नळीवर) किती स्पेसर चालतात याला उत्पादकाने मर्यादा घातलेली असते आणि ती माहितीपुस्तिकेत असते. मी ५२५ ते ५४० स्टॅक आणि ३६० ते ३६८ रीच असा पट्टा ठरवला आणि ७० ते ८० मि.मी.चा स्टेम गृहीत धरला. सीटच्या उंचीसाठी दोन पायांमधली (जमिनीपासून जांघेपर्यंतची) उंची ०.८८३ ने गुणण्याची जुनी रीत आहे. माझी ७३ सें.मी. असल्याने उत्तर साडेचौसष्टच्या आसपास येते, आणि प्रत्यक्षात मी त्याहून जरा खालीच बसते. लहान फ्रेममध्ये त्रिकोणातली जागाही मोजून घ्यावी. दोन पाण्याच्या बाटल्या बसतात म्हणून जी फ्रेम दाखवली जाते ती बहुधा मोठ्या मापाची असते.

हाताळणीबद्दल थोडक्यात. हेड-ट्यूबचा कोन, चिमट्याचा ऑफसेट (वळण्याच्या अक्षापासून ॲक्सल किती पुढे आहे ते अंतर) आणि चाकाची त्रिज्या यांवरून ट्रेल, म्हणजे त्या अक्षाच्या रेषेमागे टायर जमिनीला किती अंतरावर टेकतो ते, ठरतो, आणि ट्रेल जास्त असेल तर हँडल स्थिर राहते पण संथ वेगात जड वाटते. ७१ अंश, ५० मि.मी. ऑफसेट आणि ३३९ त्रिज्या यांचा ट्रेल ६४ मि.मी.च्या जवळ येतो, रोड सायकलमध्ये तो बहुधा साठच्या आत असतो. एवढ्या फरकाला माझे हात एका फेरीत सरावले. सत्तरच्या वरच्या ट्रेलची एक फ्रेम उतारावर सुरेख वाटली, पण डांबरी चढावर उभे राहून रेटताना पुढचे चाक लोळत होते.

गिअरच्या बाबतीत वन-बाय (पुढे एकच चेनरिंग) की टू-बाय (पुढे दोन) हा वाद फार रंगवून सांगितला जातो. कॅम्पाग्नोलोने २०२० मध्ये आणलेला एकार संच एका चेनरिंगवर तेरा गिअर देतो, आणि शिमानोने २०१९ मध्ये ग्रॅव्हलसाठी काढलेल्या जीआरएक्स मालिकेत दोन्ही प्रकार आहेत. मी वाद बाजूला ठेवून वेग काढले. ६७८ मि.मी. व्यासाचे चाक एका फेऱ्यात सुमारे २.१३ मीटर जाते. चढावर मिनिटाला ६० वेळा पायडल फिरवायचे असे धरले, तर माझ्या रोड सायकलचा ३४ दात्यांचा चेनरिंग आणि मागचे ३२ दाते ताशी ८.१ कि.मी. मागतात, त्याहून वेग खाली गेला की पाय अडखळू लागतात. ४० दात्यांचा एकच चेनरिंग आणि मागे ४२ असेल तर ७.३ कि.मी. पुरतात. ४६/३० चा जोड चेनरिंग आणि मागे ११-३४ (सर्वात लहान चक्राला ११ आणि सर्वात मोठ्याला ३४ दाते) असेल तर ६.८. वरच्या टोकाला मिनिटाला ९० फेऱ्यांवर एका चेनरिंगचा संच ४१.८ पर्यंत आणि जोड संच ४८ पर्यंत नेतो, पण वरचे टोक मला फारसे लागत नाही. माझा निर्णय खालच्या टोकाने आणि मधल्या पायऱ्यांनी केला. ११-४२ कॅसेटवर २४ दात्यांवरून थेट २८ वर उडी पडते, म्हणजे जवळजवळ १७ टक्के. ११-३४ वर त्याच टापूत २१, २३, २५, २७ अशा ८ ते १० टक्क्यांच्या पायऱ्या मिळतात. सौम्य चढाच्या लांब डांबरी रस्त्यावर, वाऱ्याविरुद्ध जाताना, आपल्या पायाला हवी ती लय दोन गिअरांच्या मधोमध सापडावी आणि ती तिथे उपलब्धच नसावी यासारखा वैताग नाही. माझी ६० टक्के वाट डांबरी असल्याने मी जोड चेनरिंग घेतला. ज्यांचे प्रमाण उलटे आहे, ज्यांना चिखलात पुढचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) तुंबण्याचा त्रास होतो, त्यांनी एकाच चेनरिंगवर राहणे शहाणपणाचे. मागच्या डिरेलरला चेन ताणून धरणारा क्लच मात्र दोन्ही प्रकारांत हवाच, नाहीतर खडबडीत उतारावर चेन फ्रेमवर आपटत राहते.

ब्रेक डिस्कचेच हवेत याबद्दल शंका नव्हती. तारेचा डिस्क-ब्रेक वाटेत दुरुस्त करता येतो हा त्याचा मोठा गुण आहे, आणि आठवडेच्या आठवडे दूर जाणाऱ्याने तो घेतला तर मला आश्चर्य वाटणार नाही. परंतु माझी बोटे आखूड आहेत. लांब उतारावर मुठीवरूनच एका-दोन बोटांनी ब्रेक धरून ठेवायचा असेल तर हायड्रॉलिक लिव्हरला फारच कमी जोर लागतो, आणि लिव्हर हँडलच्या जवळ आणण्याचा स्क्रू त्यात असतो. चाचणीपूर्वी तो स्क्रू फिरवून घ्यावा. न फिरवता दिलेली सायकल लहान हातांना विनाकारण धोक्याची वाटते. ब्रेकमध्ये मिनरल ऑइल आहे की डॉट द्रव, हे एकदा पाहून लक्षात ठेवले पाहिजे, कारण एकाच्या जागी दुसरा घातला तर आतली सीले खराब होतात.

फ्रेमच्या धातूवर मी फार वेळ घालवला नाही. २५ पीएसआयच्या (पीएसआय हे हवेच्या दाबाचे एकक) आसपास हवा असलेला ४७ मि.मी.चा टायर खाली असताना ॲल्युमिनियम आणि स्टील यांच्यातला फरक मला बसल्या जागी ओळखता आला नाही. कार्बनची फ्रेम हलकी असते यात वाद नाही, पण बरोबर सामान आणि पाणी घेऊन निघाल्यावर त्या हलकेपणातले फारसे काही उरत नाही. मी ॲल्युमिनियमची फ्रेम आणि कार्बनचा चिमटा असा पर्याय पसंत केला, चिमट्यावर सामान बांधायची भोके आहेत आणि किती वजन चालते हे पुस्तिकेत स्पष्ट लिहिले आहे हे पाहून. ॲक्सल पुढे १२ बाय १०० आणि मागे १२ बाय १४२ मि.मी., बॉटम ब्रॅकेट आट्यांचे. दाबून बसवलेली बॉटम ब्रॅकेट नीट बसवली तर उत्तम चालतात, पण ती कुरकुरू लागली की त्यांना विशेष अवजार लागते. आट्यांचे कोणीही पाना घेऊन उघडू शकते. पुढचे छोटे सस्पेन्शन देणाऱ्या सायकलीही चालवून पाहिल्या. तीस-चाळीस मिलिमीटरच्या त्या हालचालीने हातांना आराम मिळतो हे खरे, पण देखभालीचा आणखी एक भाग वाढतो, आणि माझ्या वजनाला रुंद टायरने तेच काम बरेचसे होते.

चाचणीला जाताना मी हवेचा मापक बरोबर नेत असे. दाखवायला ठेवलेल्या सायकलींच्या टायरमध्ये हवा बहुधा ठासून भरलेली असते, आणि मग फ्रेम दगडासारखी आहे असा निष्कर्ष काढून माणूस घरी जातो. प्रत्येक सायकलमध्ये रुंदीच्या प्रमाणात हवा सारखी करून, सीटची उंची स्वतःच्या मापाला लावून, मग एकाच क्रमाने तिला पारखले: सपाट डांबरावर हात मुठीवर ठेवून दहा मिनिटे, अरुंद जागेत आठाच्या आकड्यासारखी वळणे, बसूनच सुट्या खडीचा चढ, आणि उतारावर मुठीवरून ब्रेक. वळणे घेताना बूट टायरला लागतो का हे सायकल चालत असताना पाहण्यापेक्षा उभे राहून, एक पाय जमिनीवर ठेवून तपासणे बरे. खडीच्या चढावर मागचे चाक घसरत असेल तर सीट फार पुढे आहे का आणि हवा जास्त आहे का हे आधी पाहिले, फ्रेमला दोष नंतर दिला.

शेवटी ज्या सायकलपाशी थांबले तिचा स्टॅक ५३० आणि रीच ३६४ आहे, चाके ६५०बी, क्रँक १६५ मि.मी., हँडल ४० सें.मी. रुंद आणि खालच्या बाजूला १६ अंश बाहेर फाकलेले. वजन साडेदहा किलो. बूट टायरला अजूनही लागतो, पण हँडल जवळजवळ टोकाला वळवल्यावरच, आणि तेवढे मी चालवून घेते. ६५०बी टायरांचे प्रकार ७००सीपेक्षा कमी मिळतात ही या निवडीची किंमत आहे, म्हणून ७००सी रिमवर ३८ मि.मी.चा टायर या फ्रेममध्ये बसतो याची खात्री सायकल घेण्यापूर्वीच दुसरे चाक प्रत्यक्ष घालून केली होती.

बदलता येण्याजोग्या रकान्याकडे त्यानंतर वळले. स्टेम ८० चा होता तो ७० चा केला, सीट जुन्या सायकलवरची काढून लावली. टायर ट्यूबलेस केले: रिमवर टेप, ट्यूबलेस व्हॉल्व्ह आणि आत सीलंट (छिद्र बुजवणारा द्रव), जे काही महिन्यांनी वाळते आणि पुन्हा घालावे लागते. रिम हुक नसलेले (म्हणजे टायर अडकवायला ज्यांची कड आत वळलेली नाही असे) असतील तर त्यांना ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआय, ही कमाल मर्यादा असते. इतक्या रुंद टायरला तिच्या जवळपास जाण्याचे कारणच नाही. हवेच्या दाबाचे बरेचसे सल्ले ७५ किलोच्या स्वारासाठी लिहिलेले असतात आणि ते जसेच्या तसे पाळले तर हलक्या स्वाराची सायकल खडीवर उड्या मारत जाते. मी पुढे २४ आणि मागे २७ पीएसआयवर स्थिरावले, दिवसभर डांबरच असेल तर दोन्हीकडे तीन-चार वाढवते. विसाच्या खाली गेले की मागचे रिम दगडाला लागल्याचा आवाज येतो.

ओल्या मातीत पुढचे चाक वळणावर धरून राहावे म्हणून अलीकडे पुढे जरा खोल नक्षीचा, ५० मि.मी. छापील रुंदीचा टायर चढवला आहे. माझ्या रिमवर तो साडेअठ्ठेचाळीस भरतो आणि चिमट्यात दोन्ही बाजूंना नऊ मिलिमीटर मोकळे राहतात. मागे तोच टायर चेनस्टेपाशी जेमतेम चार सोडतो, त्यामुळे मागे गुळगुळीत मध्याचा ४७ चाच ठेवला आहे.